कालव्याकाठची घोडवाट

व्यवसायाची छत्तीस वर्षे पुरी होत आली. या अवधीत 'रोज अर्धा तास चालत जा' हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिले असेल, तितक्या वेळा दुसरे कोणतेही औषध लिहिले नसेल. आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव याहून निराळा नसावा. हे एकच औषध असे की ज्याला पैसे पडत नाहीत, अशी माझी समजूत होती. ती समजूत इंग्लंडमधील एका कालव्याच्या काठी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सायकलीवर बसलो असताना ढासळली. त्याविषयी स्मरणिकेच्या वाचकांशी थोडे बोलावे असे वाटले.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता ब्रिस्टलला मुलीकडे गेलो होतो. जावईबापूंनी आठ दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. चाकांवरचे घर म्हणावे अशी ही गाडी. आत निजण्याची सोय, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, आणि मागे टांगलेल्या चार सायकली. वाटेल तेथे गाडी उभी करून पथारी पसरावी, ही माझी कल्पना पहिल्याच संध्याकाळी बाजूला ठेवावी लागली. इंग्लंडात जमीनमालकाच्या परवानगीवाचून असा मुक्काम करता येत नाही, त्यासाठी ठरावीक जागा असतात. तेथे शौचकूपाची पेटी रोज सकाळी स्वहस्ते रिकामी करावी लागते. प्रवासवर्णनांतून हा तपशील नेहमी गळालेला असतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आमचा तळ विल्टशर परगण्यात, डिव्हायझेस गावाच्या पश्चिमेस, केनेट अँड एव्हन कालव्याला लागून होता. रेडिंग ते ब्रिस्टल असा सत्याऐंशी मैलांचा हा जलमार्ग. त्यातील कालवा जॉन रेनी या अभियंत्याने आखला आणि १८१० साली तो पुरा झाला. त्या काळी मालाचे पडाव घोडे ओढीत. घोड्याला चालण्यासाठी पाण्याच्या कडेने जी वाट राखली, तिला 'टोपाथ' म्हणतात. मी तिला घोडवाट म्हणेन. आपल्याकडे आडाच्या दगडावर दोराने खाचा पडतात, तशाच खाचा तेथील जुन्या पुलांच्या कमानींच्या कडांवर दिसतात. दीडदोन शतकांपूर्वीच्या घोड्यांचे ते हस्ताक्षर.

पाणी चढ चढत नाही, म्हणून त्याच्या काठची वाटही चढत नाही. साठीच्या गुडघ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जेथे जमीनच उंच होते, तेथे दोन दारांमधल्या हौदात पाणी भरून नाव वर घेतात. त्याला लॉक म्हणतात. डिव्हायझेसजवळच्या केन हिल येथे दोन मैलांत असे एकोणतीस लॉक असून ते नावेला २३७ फूट चढवतात. त्यांपैकी सोळा तर टेकडीवर एका रेषेत, पायऱ्यांसारखे. नावेला ते चढून जायला पाचसहा तास लागतात. घोडवाटेला चढ म्हणून असतो तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून बाथच्या दिशेने निघालो. मेडिकल कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. पहिला मैल मांड्यांनी तक्रार केली, पुढे त्या गप्प बसल्या. सौभाग्यवतींनी विजेची मदत असलेली सायकल घेतली होती आणि त्या सतत पन्नास पावले पुढे होत्या. एव्हनक्लिफ येथे कालवा दगडी पुलावरून नदी ओलांडतो आणि वाट त्याच पुलाखालून वळसा घेऊन पलीकडच्या काठाला जाते. पुढे डंडस येथे पुन्हा तसाच, अधिक देखणा पूल. डोक्यावरून नावा जात आहेत आणि आपण खाली सायकल हातात धरून उभे आहोत, हे दृश्य काही काळ मनाला पटत नाही. सायकलवाल्याने पादचाऱ्याला आधी वाट द्यायची, घंटा वाजवायची, पुलाखाली वेग कमी करायचा, असा तेथील शिरस्ता. शर्यतीच्या वेषातील काही तरुण तो पाळत नाहीत आणि नावांत राहणारे लोक त्यांच्यावर मनापासून चिडतात. माझी सहानुभूती चिडणाऱ्यांकडे आहे. (कालव्याच्या पाण्यात हात बुडवल्यास ते धुवावेत, असे मी सर्वांना बजावत होतो. दक्षिण गुजरातेतले लेप्टोस्पायरोसिसचे पावसाळे ज्याने पाहिले आहेत, त्याची ही सवय कोठेही सुटत नाही.)

मात्र डोळ्यांत भरली ती माणसे. बाबागाडी ढकलणारी आई, चाकांच्या खुर्चीतील वृद्धा, काठी टेकीत चाललेले जोडपे. एक गृहस्थ सदऱ्याची वरची बटणे उघडी टाकून संथपणे चालले होते. छातीच्या मध्यावर बायपासची जुनी खूण स्पष्ट होती. यांपैकी कोणीही मागे वळून पाहत नव्हते. मागून वाहन येईल ही भीतीच त्या वाटेवर नव्हती.

ही वाट त्यांना सहजासहजी मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १८५२ साली रेल्वे कंपनीने हा कालवा विकत घेतला आणि हळूहळू त्याची रया गेली. एकोणीसशे पन्नासच्या दशकात तो आरपार वाहतुकीला बंद पडला आणि कायमचा बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ साली वीस हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज नावेतून लंडनला, राणीकडे नेण्यात आला. १९६२ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली. पुढची अनेक वर्षे शिक्षक, कारकून, निवृत्त सैनिक अशा मंडळींनी सुट्टीच्या दिवशी चिखल उपसला. राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला तो १९९० साली. केन हिलला लॉकची दारे ढकलण्यास मदत करणारी एक सत्तरीची स्वयंसेविका, पूर्वाश्रमीची परिचारिका, म्हणाली की तिच्या लहानपणी येथे पाणी नव्हतेच, होते ते गवत. आणखी एक गोष्ट तिच्याकडून कळली. यातील पुष्कळशा वाटा कायद्याने सार्वजनिक रस्ते नाहीत. कालव्याच्या मालकसंस्थेने लोकांना जाऊ दिले आहे, इतकेच.

डॉक्टर म्हणून येथे एक जुने संशोधन आठवते. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आपण हा दाखला व्यायामाचे महात्म्य सांगण्यासाठी देतो. परंतु त्या कंडक्टरांना व्यायामाचा उपदेश कोणीही केलेला नव्हता. जिना बसमध्ये होता, म्हणून ते चढत होते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१९ पासून जनरल प्रॅक्टिशनरांच्या जोडीला असे कार्यकर्ते नेमायला आरंभ केला आहे, की जे रुग्णाला चालणाऱ्यांच्या गटाशी, बागकामाशी जोडून देतात. हे शक्य होते, कारण रुग्णाला जेथे पाठवायचे ते ठिकाण अस्तित्वात आहे.

मी रुग्णाला कोठे पाठवत होतो? माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक होते, पंधरा वर्षांचे मधुमेही. मी त्यांना सकाळी चालायला सांगितले. घरापासून कमाटीबाग सहा किलोमीटर, जवळपास दुसरी बाग नाही, म्हणून ते पहाटे हमरस्त्याच्या कडेने चालत. २०१९ च्या डिसेंबरात, धुक्यात, टेम्पोची धडक बसून त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण ते अंथरुणाला खिळले आणि चार महिन्यांनी न्यूमोनियाने गेले. त्यांच्या पत्नी नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलं होतं म्हणून ते एक दिवस चुकवत नसत." बोलण्यात तक्रार नव्हती, उलट कृतज्ञताच होती, आणि ती मला अधिक लागली. कालव्याकाठी त्या बायपासवाल्या गृहस्थांच्या मागून सायकल हाकताना मला ते शिक्षक आठवत राहिले.

आपल्या बडोद्याच्या वेशीवरून नर्मदेचा मुख्य कालवा जातो. गुजरातेत त्याची लांबी ४५८ किलोमीटर आहे. २०१५ साली शहराजवळ त्याच्या शाखा कालव्याच्या पाण्यावर सौर पटले बसली, म्हणजे कालव्याचा पाण्यावाचून दुसरा उपयोग करता येतो हे सरकारला ठाऊक आहे. काठाने तपासणीचा सपाट रस्ता आहेच. मात्र इंग्लंडचा कालवा उथळ आणि निजल्यासारखा. आपला कालवा खोल, वेगवान, काँक्रीटच्या गुळगुळीत उतारांचा. पडलेला माणूस वर येत नाही. बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा 'कालव्यावर जा' असे आज मी कोणाला लिहून देणार नाही. शहरालगतच्या चारपाच किलोमीटरांना भक्कम कठडा, ठिकठिकाणी शिड्या व दोर, आणि सकाळी पाच ते आठ वाहनांना बंदी, एवढे झाल्यावर लिहून देईन. काही व्यवसायबंधू म्हणतात की उन्हाळ्यात तेथे कोण जाणार? त्यांनी सकाळी सहा वाजता कमाटीबागेच्या फाटकाशी उभे राहावे. चालायला आलेल्यांच्या मोटारींतून वाट काढत आत जावे लागते.

माझ्या केसपेपरवर आता रक्तदाबाच्या रकान्याखाली 'चालण्याची जागा' असा एक रकाना आहे. गेल्या सहा महिन्यांत तो भरताना निम्म्याहून अधिक वेळा 'रस्ता' हाच शब्द लिहावा लागला. त्या नोंदींसह कालव्याच्या व्यवस्थापनास द्यावयाच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. सह्यांचे कागद मंडळाच्या कार्यालयात ठेवले आहेत. पहिल्या ओळीवर त्या शिक्षकांच्या पत्नीची सही आहे.