तिकिटात न मावणारी आजी

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की भंडारा जिल्ह्यातील पगारदार घरांतून एक हिशेब हमखास मांडला जातो. मुलांना मनोरंजन उद्यानात जायचे असते. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. आमच्या पिढीने त्याची बहुधा जाहिरातच पाहिली. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि तिथे जाऊन आलेली मुले आता आमच्या वर्गांतही भेटतात. इतक्या लांबचे जमत नसेल, तर नागपूरच्या परिसरातील जलउद्याने आहेतच. उद्यान कोणतेही असो, हिशेब अखेर एकाच प्रश्नापाशी येतो : तिकिटे किती जणांची काढायची? घरोघरी त्याचे जे उत्तर निघते, त्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. ते उत्तर असे असते की, आजी घरीच थांबेल.

आजीला विचारले तर तीही हेच सांगते. ‘मी कायले येऊ बाप्पा? मले का पाळण्यात बसाचं आहे?’ तिचे म्हणणे खोटे नसते. परंतु हीच आजी भाऊबीजेनंतरच्या मंडईला मात्र नातवंडांच्या पुढे चालत असते. झाडीपट्टीत त्या दिवसांत गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत, मिठाईची दुकाने, आकाशपाळणा, आणि रात्री नाटक. नाटकाचे तिकीट निराळे. दिवसाच्या मंडईत शिरायला तिकीट लागत नाही. पाळण्यात जो बसेल त्याने त्या फेरीचे पैसे द्यावेत, इतका साधा हा व्यवहार. आजी पाळण्यात बसत नाही, पण माहेरी आलेल्या लेकीबाळींना भेटते, सोयरेधायरे हुडकते, आणि नातवाच्या दुसऱ्या फेरीचे पैसे तिच्याच पदराच्या गाठीतून निघतात. मंडईत तिला काम आहे, मान आहे. उद्यानाच्या फाटकावर मात्र ती केवळ आणखी एक तिकीट असते.

हा फरक संस्कृतीचा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते तो आकारणीच्या पद्धतीचा आहे. अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलरला मिळे आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे पडत. पुढे खेळांसाठी कूपनांची पुस्तके निघाली. १९८२ मध्ये ती बंद झाली आणि सगळे खेळ एकाच तिकिटात आले. म्हणजे आधुनिक मनोरंजन उद्यानांचा हा आदिपुरुषही पहिली काही दशके आपल्या जत्रेच्याच रीतीने चालला. एकाच तिकिटाची पद्धत नंतरची आहे. ती बदलता येणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आम्ही नाकारत नाही. फाटकातून आत गेल्यावर बापाला दर खेळापाशी पाकीट काढावे लागत नाही आणि पोराला दर खेळापाशी ‘नाही’ ऐकावे लागत नाही. उद्यानालाही माणसे कमी आली म्हणून यंत्रांची देखभाल टाळता येत नाही. पण दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाने त्या यंत्रांचा भार का उचलावा? ज्येष्ठांना सवलत देणारी उद्याने आहेत. ती सवलत बहुधा वयाला असते, न खेळण्याला नसते. अनेक ठिकाणी मुलाचे तिकीट उंची मोजून ठरवले जाते. कोण किती खेळणार, याचा विचार तेथे होतो, मग तो आजीच्याच बाबतीत का थांबावा?

प्रवासाचा हिशेबही हेच सांगतो. खोपोलीला जायचे तर वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून विदर्भ एक्स्प्रेसने कल्याण आणि पुढे खोपोलीची लोकल. रात्रीच्या प्रवासात पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. याउलट एसटीने २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ मध्ये सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. भंडाऱ्याहून नागपूरला एसटीने निघालेल्या कुटुंबात पंचाहत्तरीपुढची आजी आली काय नि न आली काय, भाड्यात फरक पडत नाही. एका तिकिटाने कुटुंब आखडते, दुसऱ्याने ते पसरते.

आम्ही मराठीचे शिक्षक. म्हणून एक गोष्ट आमच्या विषयातली. १८५७ मध्ये वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने निघाले होते, आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये पैशाची चिंता उघडपणे वावरते. पुढच्या प्रवासवर्णनांत सृष्टिसौंदर्य आले, विनोद आला. पण पाच जणांचे कुटुंब, बरोबरचा डबा आणि तिकिटाच्या खिडकीपाशी मनातल्या मनात केलेली बेरीज फारशी आली नाही. जे लिहिले जात नाही, ते क्षुल्लक वाटू लागते. वास्तविक ‘परवडणे’ या क्रियापदात पैसा आणि मन दोन्ही आहेत. ‘त्यापेक्षा हे परवडले’ असे आपण म्हणतो तेव्हा रुपये मोजत नसतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण अपुरे पडते म्हणून घरातल्या एकाला उठवून ओटीवर बसवणे म्हणजे काटकसर नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की या नियोजनाचा क्रम उलटा करावा. आधी कोण कोण येणार ते ठरवावे, मग ठिकाण. मुक्काम टाळता येईल असे अंतर निवडावे. गर्दीचा रविवार सोडून आडवार धरावा. बाहेरचे खाणे आत नेता येते का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण कित्येकदा तिकिटाइतकाच खर्च जेवणाचा होतो. आणि उद्यानांनी खेळ न खेळणाऱ्यांसाठी अल्प दराचा प्रवेश ठेवावा, ही मागणी आपण ग्राहक म्हणून करत राहावी. फोनवर चौकशी करताना मोठ्यांचे किती, लहानांचे किती हे आपण विचारतोच. त्याला एक प्रश्न जोडावा : नुसते बसून नातवंडांना पाहणाऱ्याचे किती?