ओळखपत्र कुणी कुणाला दाखवायचे?

खराडीला लागूनच असलेल्या चंदननगरात २६ जुलै २०२५ रोजी रात्री उशिरा एका घराचे दार ठोठावण्यात आले. त्या दिवशी देशभर कारगिल विजय दिन पाळला गेला होता, आणि ज्या कुटुंबाचे दार वाजले त्याच कुटुंबातील एक सैनिक कारगिलच्या लढाईत होता. कुटुंबाची तक्रार अशी की, पोलिसांसोबत आलेला जमाव घोषणा देत घरात घुसला, झोपलेल्या स्त्रिया-मुलांना उठवून त्यांच्याजवळ आधार कार्डे मागण्यात आली, आणि कार्डे पुढे केल्यावर ती बनावट ठरवण्यात आली. पोलिसांचा खुलासा वेगळा आहे. बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांविषयी खबर मिळाल्यामुळे कागदपत्रे तपासली, जमाव घरात शिरलाच नाही, असे ते म्हणतात. या दोन कथनांचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. परंतु दोन्ही बाजू नाकारीत नाहीत एवढा भागही अस्वस्थ करणारा आहे. अनेक दशके पुण्यात राहणाऱ्या माणसांना रात्री उठवून ‘तुम्ही कोण?’ याचा कागद मागता येतो.

या प्रकरणातील विसंगती अशी की, जो कागद मागितला तो या प्रश्नाचे उत्तरच नव्हे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दाखवला नाही तर माणूस संशयित, आणि दाखवला तर तो पुरेसा नाही!

खराडीच्या कष्टकऱ्याला ही विसंगती रोजची आहे. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत येईपर्यंत मुळा-मुठेच्या काठचे हे एक गाव होते. आता तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्या उभारायला मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडमधून माणसे आली. सिमेंट आणि विटा हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनाच रेशनच्या दुकानातील यंत्रावर बोट ठेवून आपण आपणच असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यांच्या बायका ज्या सोसायट्यांत धुणीभांडी करतात, तेथील रखवालदाराच्या चौकीत त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स प्रती पडून असतात. त्या प्रतींचे पुढे काय होते, हे त्या बायकांना कोणी सांगत नाही, आणि विचारण्याची त्यांची प्राज्ञा नसते.

कागदाला सरसकट विरोध करणे मात्र कष्टकऱ्यांच्या हिताचे नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला रेशन नाही, रुग्णालयात सवलत नाही, बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या दारात प्रवेश नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक एका गरीब स्त्रीला देण्यात आला, तेव्हा त्या समारंभाच्या मागे हेच आश्वासन होते. राज्याने आजवर ज्यांची दखल घेतली नाही त्यांची दखल आता घेतली जाईल. हक्काचा दाखला म्हणून जो कागद आला तोच हळूहळू हजेरीचा हुकूम झाला, ही तक्रार आहे. आणि हा बदल होत असताना लोकप्रतिनिधींनी काय केले? यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये मूळ विधेयक फेटाळण्यायोग्य ठरवले होते. तरीही नोंदणी चालूच राहिली, आणि २०१६ मध्ये नवा कायदा ‘धनविधेयक’ या सदराखाली संमत करून घेण्यात आला. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने एका दिवसात झिडकारल्या.

ज्या ब्रिटनकडून भारताने संसदेची रीत घेतली, तेथील इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथे प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचे झाले. युद्ध १९४५ मध्ये संपले, ओळखपत्र संपले नाही. डिसेंबर १९५० मध्ये लंडनजवळ फिंचली येथे क्लॅरेन्स विलकॉक या साध्या गृहस्थाची मोटार अडवून शिपायाने ओळखपत्र मागितले. त्याने ते दाखवण्यास नकार दिला. १९५१ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांच्यापुढे अपील आले. कायदा अंमलात होता, म्हणून अपराध सिद्ध धरला गेला. परंतु युद्धासाठी केलेला कायदा शांततेच्या काळात असा वापरला तर कायदा पाळणारी माणसेच गुन्हेगार ठरतील, असे बजावून न्यायालयाने विलकॉकला कोणतीही शिक्षा दिली नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रे रद्द झाली. पुढे मजूर पक्षाच्या सरकारने २००६ मध्ये नवा कायदा केला. २०१० मध्ये तोही रद्द झाला, आणि नोंदवहीची माहिती साठवलेल्या संगणकाच्या तबकड्या २०११ च्या आरंभी अक्षरशः फोडून टाकण्यात आल्या.

तरीही मोह सुटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी नोकरीसाठी डिजिटल ओळखपत्र सक्तीचे करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात ते मुंबईत आले, आधार योजनेचे शिल्पकार नंदन नीलेकणी यांना भेटले आणि त्या योजनेची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. मायदेशी मात्र विरोध वाढत गेला, आणि जानेवारी २०२६ मध्ये सक्तीचा आग्रह मागे घेण्यात आला. मुंबईत प्रशंसा ऐकणाऱ्यांपैकी कोणी पाहुण्यांना खराडीच्या रेशन दुकानात नेले असते, तर हा निर्णय कदाचित आणखी लवकर झाला असता.

ब्रिटनमधील या वादाशी दुसरा एक वाद सतत जोडला गेला आहे, आणि भारतातील पुरोगामी चळवळीचे त्याकडे दुर्लक्ष झाले. डेव्हिड ब्लंकेट हे गृहमंत्री असताना राष्ट्रीय ओळखपत्राच्या योजनेचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते होते. नागरिकाने राज्यापासून काही लपवू नये, असा त्यांचा एकूण रोख. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांना मंत्रिपदावरून जावे लागले ते कशामुळे? मध्यंतरी मंत्रिमंडळाबाहेर असताना डीएनए चाचण्या करणाऱ्या एका खाजगी कंपनीचे संचालकपद त्यांनी घेतले आणि नियमाप्रमाणे सल्लागार समितीला विचारले नाही, म्हणून! माणसांची जैविक ओळख हाच ज्या कंपनीचा धंदा, तिच्याशी असलेला संबंध ओळखपत्राच्या पुरस्कर्त्याने आधी तपासणीला ठेवला नव्हता.

लोकप्रतिनिधीने बाहेर दुसरी चाकरी करावी की नाही, हा प्रश्न ब्रिटनमध्ये समाजवादी चळवळीइतकाच जुना आहे. १८३८ च्या चार्टिस्ट सनदेतील सहा मागण्यांपैकी एक मागणी खासदारांना वेतन द्यावे, ही होती. त्या काळी पार्लमेंटमध्ये बसायचे तर घरची जमीन, गिरणी किंवा वकिली हवी. खाणीत काम करणारा माणूस निवडून आला तरी खाणार काय? सभागृहाचे कामकाज दुपारनंतर सुरू होई, हेही वकिलांच्या सोयीचे होते. सकाळी न्यायालय, संध्याकाळी कायदेमंडळ. मजूर चळवळीने आपल्या प्रतिनिधींना संघटनेच्या वर्गणीतून पोसले. १९०९ च्या ऑस्बॉर्न निकालाने तो मार्गही बंद केला, तेव्हा कुठे १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंडांचे वेतन मंजूर झाले. कष्टकऱ्याला धनिकाच्या बरोबरीने सभागृहात बसता यावे, यासाठी जनतेच्या तिजोरीतून वेतन देण्याचे तत्त्व मान्य झाले. हे वेतन घेऊन शिवाय दुसऱ्याची चाकरी करणारा प्रतिनिधी त्या सबंध लढ्याचे फळ दोन्ही हातांनी खातो.

ओवेन पॅटरसन यांचे प्रकरण ताजे आहे. वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक मोबदला देणाऱ्या दोन कंपन्यांची शिफारस त्यांनी सरकारी खात्यांकडे केली. आचारसंहिता समितीने ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली, तर बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती कारवाई रोखून नियमच बदलायला घेतले! लोकक्षोभ इतका उसळला की दुसऱ्या दिवशी सरकारला माघार घ्यावी लागली. पॅटरसन यांनी राजीनामा दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित मानलेली जागा त्यांच्या पक्षाने पोटनिवडणुकीत गमावली. २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले. बाहेरची कमाई सर्वस्वी बंद मात्र झाली नाही. तरी एक गोष्ट तेथे आहे. कोणता खासदार कोणाकडून किती पैसे घेतो, याची नोंदवही कोणाही नागरिकाला उघडून पाहता येते.

भारतात हा प्रश्न मुंबईपासून सुरू झाला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्‌गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिचे गाऱ्हाणे संसदेत मांडले, असे चौकशी समितीला आढळले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी आपल्याच पक्षाच्या या सदस्याविरुद्ध हकालपट्टीचा ठराव मांडला. विलकॉकचा खटला निकालात निघाला तेच हे वर्ष. पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा सदस्यांची संसदेतून हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव आणि एरंडोल असे खानदेशातील दोन मतदारसंघ होते. ज्या खानदेशात पाच वर्षांनी पहिला आधार क्रमांक वाटला गेला, त्याच खानदेशच्या मतदारांना आपले दोन खासदार कोणाच्या पैशावर प्रश्न विचारीत होते हे छुप्या कॅमेऱ्यातून कळले.

राज्यघटनेची कलमे १०२ आणि १९१ सरकारखालील ‘लाभाचे पद’ धारण करणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवतात. राजसत्तेने प्रतिनिधीला विकत घेऊ नये, ही दृष्टी त्यामागे होती आणि ती योग्यच होती. भांडवलाने त्याला विकत घेऊ नये, यासाठी तेवढेच खणखणीत कलम मात्र नाही. सरकारी मंडळावर किरकोळ मानधन घेणारा आमदार संकटात येतो. बांधकाम कंपनीचा भागीदार असलेला आमदार नगररचनेच्या विधेयकावर निर्धास्तपणे मतदान करू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठच्या दोन दिवसांतले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २५ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने सांगितले की, खासदार-आमदार हे बार कौन्सिलच्या नियमांच्या अर्थाने पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत. सबब त्यांना वकिली करता येईल. २६ सप्टेंबरला चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायद्याचा मुख्य भाग वैध ठरला. सरकारी लाभ हवा तर आधार द्यावे लागेल, हे सातवे कलम कायम झाले. खाजगी कंपन्यांना मोकळीक देणारे ५७ वे कलम न्यायालयाने तोडले, पण २०१९ च्या दुरुस्तीने आणि जानेवारी २०२५ च्या नियमांनी त्यांच्यासाठी दार पुन्हा किलकिले झाले. निकाल देणाऱ्यांना अर्थातच हा योगायोग अभिप्रेत नव्हता. पण खराडीच्या बिगाऱ्याच्या वाट्याला त्यातून काय येते? त्याने पाच किलो धान्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे, आणि त्याचा प्रतिनिधी सकाळी कोणाच्या वकिलपत्रावर सही करतो हे त्याने विचारायचे नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते : बाहेरचा व्यवसाय असला म्हणजे प्रतिनिधीचा जनजीवनाशी संबंध राहतो. एखादा डॉक्टर आमदार आठवड्यातून एक दिवस रुग्ण तपासत असेल किंवा शिक्षक असलेला सदस्य सुटीत शिकवीत असेल, तर त्याला कोण दोष देईल? प्रश्न त्यांचा नाही. खासदाराचे मासिक वेतन १ एप्रिल २०२३ पासून १ लाख २४ हजार रुपये झाले आहे, भत्ते निराळे. एवढ्यावर जनजीवनाशी संबंध राखता येतो. संचालक मंडळाशी राखायचा असेल तर तसे जाहीर सांगावे.

आज मतदाराच्या हाती काय आहे? उमेदवारी अर्जासोबतचे ‘नमुना २६’ चे प्रतिज्ञापत्र. त्यात व्यवसाय, मिळकतीचे मार्ग, सरकारी कंत्राटे यांची नोंद करावी लागते. पण वडगाव शेरी मतदारसंघातील खराडीकराने ते मतदानापूर्वी वाचले, तर पुढची पाच वर्षे त्यात काय भर पडली हे त्याला कळण्याची हमी नाही. निवडून आल्यानंतर मालमत्ता जाहीर करायला सांगणारे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ७५-अ हे कलम संसदेच्या सदस्यांपुरते आहे. आमदारांना ते लागू नाही. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे, आणि तिच्यात संचालकपदे, सल्लागारी, भागभांडवल यांची नोंद व्हावी असा नियम आहे.

तशी नोंदवही महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांसाठी आणि पुणे महापालिकेतील नगरसेवकांसाठी ठेवली जावी, बदल झाल्यापासून महिन्याच्या आत तीत भरला जावा आणि ती तलाठी कार्यालयातील सातबाऱ्याप्रमाणे कोणालाही पाहता यावी, ही मागणी पक्षाने येत्या अधिवेशनापूर्वी करणे आवश्यक आहे. सुरुवात पक्षाच्या स्वतःच्या प्रतिनिधींपासून व्हावी. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, लोकांनी दिलेली पाच वर्षे संपली एवढ्याच कारणासाठी, मधू लिमये यांनी १९७६ मध्ये तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला होता. त्या मानाने एक तक्ता भरून देणे अवघड नाही. सोबत दुसरी मागणी : घरोघर कागदपत्रांची झडती घ्यायची असेल तर ती दिवसा, लेखी आदेशाने आणि फक्त अधिकृत पोलिसांकडून घेतली जावी. चंदननगर-खराडीच्या कार्यकर्त्यांनी या दोन्ही मागण्यांचे निवेदन आमदार, खासदार आणि पोलीस आयुक्त यांना द्यावे, पोच घ्यावी, आणि आलेली उत्तरे वस्तीतील फलकावर लावावीत.