गुणांकापूर्वी आलेख

‘दोन चलांत सहसंबंध आढळला’ असे आपण प्रकल्प अहवालात लिहिता. पण तो कोणत्या गुणांकाने मोजला आणि तोच का निवडला, हे क्वचितच नोंदवता. संगणकाने पिअर्सनचा गुणांक प्रथम दाखवला म्हणून तो घेतला, असेच बहुधा घडते. माझ्या मते ही सवय मोडलीच पाहिजे.

पिअर्सनचा गुणांक केवळ सरळरेषीय संबंध मोजतो. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ मधील उंदरांवरील प्रयोगांत, कठीण भेद शिकताना विजेचा मध्यम धक्का सर्वाधिक उपयुक्त ठरला. सौम्य धक्का अपुरा पडला, तीव्र धक्का बाधक झाला. अशा कमानीसारख्या संबंधात गुणांक शून्याजवळ येऊ शकतो. तेथे स्पिअरमनची क्रमाधारित पद्धतही तारत नाही, कारण तिलाही सलग चढ किंवा सलग उतार लागतो. कमान दिसते ती आलेखावरच.

फ्रान्सिस अॅन्सकोम यांनी १९७३ साली प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच मांडले. चारही संचांत गुणांक सुमारे ०.८२, आलेख मात्र चार तऱ्हांचे. एका संचात तर दहा बिंदूंचे क्ष-मूल्य एकच आहे आणि सारा सहसंबंध उरलेल्या एकट्या बिंदूने उभा केला आहे! आपल्या तीस-चाळीस प्रतिसादकांतही असा एखादा असू शकतो.

अभिवृत्ती मापनाचा प्रश्न निराळा. ‘सहमत’ आणि ‘पूर्णतः सहमत’ यांतील अंतर ‘तटस्थ’ आणि ‘सहमत’ यांतील अंतराएवढेच आहे, असे कोणी ठरवले? एकेका विधानाच्या प्रतिसादांसाठी म्हणूनच स्पिअरमनचा, आणि समान क्रम फार असतील तर केंडॉलचा टाऊ-बी, हा अधिक प्रामाणिक पर्याय होय. अनेक विधानांची बेरीज घेतल्यास पिअर्सन वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र टाऊचे मूल्य बहुधा लहान येते. त्याची पिअर्सनच्या मूल्याशी थेट तुलना करू नये.

आता अर्थनिर्णयन. १०० प्रतिसादकांत ०.२० हा गुणांक ०.०५ स्तरावर सार्थ ठरतो आणि आपण हर्षभरित होता. त्याचा वर्ग करा : ०.०४. एका चलातील विचरणापैकी केवळ चार टक्के विचरण दुसऱ्याशी निगडित आहे. ९६ टक्के इतरत्र आहे. ‘सार्थ’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे, कारण तर नव्हेच. अहवालात ‘सहसंबंध सार्थ, परंतु क्षीण’ एवढेच लिहावे आणि शेजारी आलेख जोडावा.