विश्लेषण : गाण्याला गाण्यानेच उत्तर, १५८४ मधला एक धाडसी 'रिप्लाय'

१५८८ च्या उन्हाळ्यात स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले. त्याच वर्षी लंडनमध्ये निकोलस यंग या गायकाने 'मुझिका ट्रान्साल्पिना' हा संग्रह काढला. त्यात ५७ मॅड्रिगल होती. बहुतेक इटालियन, शब्द तेवढे इंग्रजीत उतरवलेले. कॅथलिक युरोपशी वैर पेटलेले असताना लंडनचे व्यापारी यंगच्या घरी जमून तिकडचीच गाणी गात होते. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटली की हा संग्रह हमखास पुढे केला जातो. माझ्या मते ती आयात होती. खरी देवाणघेवाण त्याआधीच झाली होती, आणि ती जोखमीची होती.

नेमके काय घडले?

फिलिप द मोंते हा आजच्या बेल्जियममधला संगीतकार. १५५४ मध्ये इंग्लंडची राणी मेरी आणि स्पेनचा फिलिप यांचे लग्न झाले, तेव्हा फिलिपच्या गायकवृंदातून तो इंग्लंडला गेला होता. पुढे तो हॅब्सबर्ग सम्राटाचा संगीतप्रमुख झाला. १५८३ मध्ये त्याने विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराला आठ आवाजांची एक लॅटिन रचना पाठवली. शब्द बायबलमधल्या बाबिलोनच्या बंदिवानांच्या स्तोत्राचे. पकडणारेच गाणे मागतात आणि परमुलखात भक्तिगीत गाणे बंदिवानांना अशक्य वाटते. मोंतेने कडव्यांचा क्रम बदलला आणि शेवट केला तो झाडांवर टांगून ठेवलेल्या वाद्यांपाशी.

बर्डलाच का?

कारण बर्ड प्रोटेस्टंट इंग्लंडमधला कॅथलिक होता. एलिझाबेथ राणीच्या चॅपलचा तो गायक. १५७५ मध्ये राणीने त्याला आणि थॉमस टॅलिसला संगीत छापण्याची २१ वर्षांची मक्तेदारीही दिली होती. तरी सक्तीच्या उपासनेला गैरहजर राहिल्याबद्दल त्याच्या घरावर ठपका येतच होता. अशा माणसाला नेमके हेच स्तोत्र जावे, हा मला योगायोग वाटत नाही.

बर्डने १५८४ मध्ये उत्तर पाठवले. तेच स्तोत्र, तेवढेच आठ आवाज. आपल्या समूहगानात सगळे एकच चाल म्हणतात. इथे प्रत्येक आवाजाची वाट वेगळी. त्यात तीन आवाज एकाच चालीतून निघालेले, पण मागेपुढे आणि एक उलटा : मूळ चाल चढते तिथे तो उतरतो. (इंजिनीअरिंगच्या भाषेत एकच सिग्नल, उशिरा आणि उलटा.) बर्डने सुरुवात केली ती बंदिवानांच्या सवालापासून आणि तो पुढच्या कडव्यांत गेला. तिथे जेरुसलेमला न विसरण्याची शपथ आहे.

शब्द बायबलचेच, त्यामुळे वरकरणी कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. तरी धोका खरा होता. १५९० च्या दशकात बर्डने कॅथलिक मास छापले, तेही मुखपृष्ठाविना. १६०५ मध्ये तर त्याची पुस्तके जवळ सापडल्याने एका फ्रेंच माणसाला अटक झाली.

दोन्ही रचना यूट्यूबवर आहेत. आधी मोंतेची लावा. ती शांत झाली की लगेच बर्डची.