मरीनावरून : ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा वाटा



गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. तिघेही तिशी-पस्तिशीतले, दोघे इंजिनियर, एक बँकेतला. "मरीनात एक ब्रोकरेज कंपनी जोरात वाढते आहे. नोकरी सोडून आमच्याकडे या म्हणतात. बेसिक नावापुरता, कमिशन निम्मे-निम्मे, दोन वर्षांत टीम लीडर आणि तीन वर्षांनी कंपनीत हिस्सा. काय करू?" मी स्वतः ब्रोकर नाही, हिशेबाच्या कामातला माणूस. पण अशा कंपन्यांच्या वह्या बरीच वर्षे बघतो आहे, म्हणून तिघांना मिळून एकदाच लिहितो. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी लाजेचा मुद्दा निकालात काढू. दलाल म्हटले की आपल्याकडे घरचे नाक मुरडतात. गावी फोनवर सांगताना मग "रिअल इस्टेटमध्ये कन्सल्टंट आहे" असे काहीतरी सांगावे लागते. इथे हा परवान्याचा धंदा आहे. २००६ च्या ८५ क्रमांकाच्या नियमावलीने दुबईत ब्रोकरांची नोंदवही आली, २००७ मध्ये रेरा स्थापन झाली. प्रशिक्षण, परीक्षा, मग ब्रोकर कार्ड. (आपल्या महारेराने एजंटांना परीक्षा सक्तीची केली ती २०२३ साली.) त्यामुळे लाज सोडा आणि सरळ हिशेबाला बसा.

मरीनातला २० लाख दिरहॅमचा फ्लॅट विकला की प्रचलित दोन टक्क्यांनी कंपनीला ४०,००० मिळतात, व्हॅट वेगळा. त्यातले निम्मे, २०,००० तुमचे. महिन्याला एक असा व्यवहार झाला तर वर्षाचे २,४०,०००. ऐकायला छान वाटते, नाही? पण पहिला व्यवहार पुरा व्हायला तीन-चार महिने सहज जातात. तोवर गाडी, पेट्रोल, सालिक, घरभाडे सगळे खिशातून. भाड्याचे व्यवहार लवकर होतात, पण १,२०,००० भाड्यावर पाच टक्के म्हणजे ६,००० आणि तुमच्या हातात ३,०००. त्यासाठी त्याच टॉवरच्या लिफ्टने दहादा वर-खाली करायचे.

आता ग्रॅच्युइटी. ती बेसिकवर मोजतात, कमिशनवर नाही. पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. बेसिक ३,००० असेल तर वर्षाला २,१०० दिरहॅम! अडीच लाख कमावणाऱ्या माणसाच्या पदरात पाच वर्षांनी साडेदहा हजार. इंजिनियरच्या नोकरीत बेसिक १०,००० असलेल्याला त्याच पाच वर्षांचे ३५,००० मिळतात. ऑफर लेटर वाचताना ही ओळ कोणीच वाचत नाही, सगळ्यांचे डोळे "५०%" वर.

तरीही करियर म्हणून मी याला वाईट म्हणणार नाही. ज्याला माणसे जोडता येतात, फोन करायचा कंटाळा येत नाही आणि ज्याच्या गाठीला आठ-दहा महिन्यांचा खर्च आहे, तो इथे नोकरीपेक्षा जास्त कमावू शकतो. माझा खरा आक्षेप आहे तो "हिस्सा" या शब्दाला.

आमच्या मालवणकडे रापण ओढतात. किनाऱ्यावर पन्नासेक माणसे दोन बाजूंनी दोर ओढतात आणि मासळी आली की वाटे पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. ओढणाऱ्याला मासळी मिळते, कधी भरपूर मिळते, पण उद्या तो आला नाही तर त्याचा वाटा नाही. जाळेवाल्याचा वाटा मात्र तो घरी झोपला असला तरी पडतो. हिस्सा म्हणायचे ते याला.

मग ब्रोकरेजमध्ये जाळे म्हणजे काय? बघा. घरमालक विक्रीसाठी फॉर्म ए वर सही करतो तो कंपनीबरोबर, तुमच्याबरोबर नाही. जाहिरातीचा परवाना कंपनीच्या नावावर. प्रॉपर्टी फाइंडर, बयूत यांचे पैसे कंपनी भरते आणि तिथून आलेली चौकशी कंपनीच्या यंत्रणेत नोंदली जाते. तुमचे ब्रोकर कार्डसुद्धा कंपनीच्या लायसन्सखाली. नोकरी सोडलीत तर स्पर्धेत न उतरण्याचे कलम जास्तीत जास्त दोन वर्षे लागू शकते. तुमचे स्वतःचे म्हणजे फोनमधले लोक आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास. कमिशन पन्नासाचे साठ, सत्तर टक्के झाले म्हणजे ओढणाऱ्याचा वाटा वाढला, इतकेच. टीम लीडरला हाताखालच्यांच्या व्यवहारावर चार पैसे मिळतात, तोही ओढण्याचाच वाटा. चांगला आहे, पण त्याला मालकी म्हणू नका.

हे आता लिहायचे कारण म्हणजे पूर्वी हा प्रश्न फारसा उभाच राहत नसे. फ्री झोनबाहेरच्या एल.एल.सी.त ५१ टक्के स्थानिक भागीदाराचे असत आणि आपल्या माणसांचा "हिस्सा" म्हणजे कपाटातला एक खाजगी कागद. २०२० च्या दुरुस्तीनंतर, जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ही अट गेली. आज परदेशी माणूस स्वतःच्या नावावर भागीदार होऊ शकतो. म्हणून तर कंपन्या आता हिश्श्याचे गाजर दाखवू लागल्या, आणि ते गाजर खरेही असू शकते.

खरे आहे का ते कसे ओळखायचे? एल.एल.सी.त जास्तीत जास्त ५० भागीदार असू शकतात. ज्या कंपनीत दोनशे ब्रोकर आहेत आणि प्रत्येकाला भागीदारी सांगितली आहे, तिथे गणित जमतच नाही. मग तो हिस्सा म्हणजे बहुधा नफ्यावरचा बोनस, ज्याला इंग्रजी नाव भारदस्त दिलेले असते. बोनसही वाईट नाही, पण तो मालकाच्या मर्जीचा. खरा भागीदार कंपनीच्या नोटरी केलेल्या करारनाम्यात नावाने असतो. तिथे नाव नसेल तर बाकी सगळे बोलणे.

नाव असले तरी तीन गोष्टी लिहून घ्या. नफा कधी आणि कोण वाटणार? तुमचे पाच टक्के असतील तर मोठा भागीदार "यंदा नफा कंपनीतच ठेवू" म्हणेल आणि तुम्ही मान डोलवाल. दुसरे, बाहेर पडलात तर तुमचा हिस्सा कोण, कुठल्या भावाने घेणार? कायद्याने बाहेरच्याला विकण्याआधी तो बाकीच्या भागीदारांना द्यावा लागतो. करारात "नोकरी सोडल्यास मूळ किमतीला परत" असे कलम असले तर तीन वर्षांच्या मेहनतीची किंमत शून्य. आणि तिसरे, व्हिसा. तो कंपनीचाच असेल, त्यावर बायकामुलांचे व्हिसा असतील, तर भांडायची ताकद किती उरते ते तुम्हीच ठरवा.

दलालांनी जाळेच स्वतःचे केल्याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १८७५ साली शेअर दलालांनी आपली संघटना केली आणि तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. २००५ मध्ये बाजाराची कंपनी झाली तेव्हा सदस्यांना शेअर मिळाले आणि सौदे करण्याचा हक्क वेगळा झाला. २०१७ मध्ये ते शेअर बाजारात नोंदले गेले. धंदा बंद केलेल्या दलालालाही जाळ्याचा वाटा राहिला, आणि तो कधी विकायचा हे तो स्वतः ठरवू शकत होता.

अमेरिकेतल्या ईएक्सपी या कंपनीने तर घरविक्रीच्या ब्रोकरांनाच शेअर देण्याची पद्धत पाडली. तिचे शेअर २०१८ पासून नॅसडॅकवर आहेत, म्हणजे भाव रोज दिसतो. मात्र २०२१ च्या सुरुवातीला जो भाव होता त्याच्या बराच खाली तो २०२२ च्या अखेरीस आला होता. ब्रोकरेजचा हिस्सा म्हणजे बाजाराच्या तेजीवर दुहेरी बाजी: कमिशनही त्याच बाजारावर आणि हिश्श्याची किंमतही. इथल्या जुन्या मंडळींना २००८ ची शरद आठवत असेल. पुढच्या दोनेक वर्षांत दुबईतले भाव निम्म्याहून जास्त उतरले. २०१४ नंतरची उतरण तर सहा वर्षे चालली. २०२१ नंतरच्या तेजीत वाढलेल्या कंपनीने अजून मंदी पाहिलेली नाही. तिच्या हिश्श्याची किंमत करताना हे धरावे लागते.

असो. त्या तिघांपैकी बँकेतल्याने नाद सोडला. एक इंजिनियर हिश्श्याच्या आशेवर नाही, निव्वळ कमिशनसाठी गेला आणि मजेत आहे. तिसऱ्याने बेसिक ८,००० मागितला आणि हिश्श्याबद्दल वरच्या तिन्ही गोष्टी लेखी मागितल्या. बेसिक सहावर तुटला. बाहेर पडताना हिश्श्याची किंमत हिशेब तपासनीसाने ठरवायची, हेही मान्य झाले. नफावाटपाच्या कलमावर कंपनीचा वकील गेले तीन आठवडे विचार करतो आहे. तोवर आमच्या या मित्राने जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला नाही.

पुढच्या वेळी मरीनातल्या टॉवरांच्या सर्व्हिस चार्जबद्दल. बऱ्याच जणांची बिले आली आहेत म्हणे.