नागपूरचे विमान-कारखाने : भागीदारी आली, काम कधी आले?

विमान म्हटले की आपल्याला तिकीट, सामान आणि विमानतळावरचा निरोप एवढेच आठवते. परंतु प्रत्येक विमान ठरावीक काळाने सेवेतून काढून हँगरमध्ये उभे करावे लागते. त्याचे पत्रे उघडून सांगाडा, तारा, चाके तपासतात आणि परवानाधारक अभियंत्याची सही झाल्यावाचून ते पुन्हा उडत नाही. या कामाचे एक केंद्र आता महाराष्ट्रात, नागपूर येथे वाढत आहे. त्याची हकीकत आपणही समजून घ्यावी अशी आहे.

आपले पूर्वज बहुतांशी रत्नागिरीकडचे. नागपूर तिथून फार दूर, विदर्भात, भारताच्या जवळजवळ मध्यावर. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि तिने नागपूर विमानतळालगत ‘मिहान’ हा प्रकल्प हाती घेतला. २००५ साली एअर इंडियाने बोईंगकडून ६८ विमाने घेण्याचे ठरविले. त्या सौद्याचा भाग म्हणून बोईंगने भारतात सुमारे १० कोटी डॉलरचा दुरुस्ती-कारखाना उभारून देण्याचे मान्य केले. हा कारखाना नागपूरला उभा राहून एअर इंडियाच्या हाती यायला २०१५ साल उजाडले. मधली दहा वर्षे वाट पाहण्यात गेली.

खरेदीच्या बदल्यात कारखाना, ही रीत नवी नव्हे. सौदी अरेबियात १९८८ साली रियाध येथे ‘अल्सलाम’ ही विमान-दुरुस्ती कंपनी अशाच करारातून, बोईंगच्या भागीदारीने निघाली. मात्र तेथेही मोठे कारखाने रियाध आणि जेद्दा येथेच वाढले. हाइलसारख्या आतल्या शहरात विमानतळ असूनही ते गेले नाहीत. कारण उघड आहे. जेथे विमानांचा मुक्काम, तेथे दुरुस्तीचे काम. नकाशावर मधोमध असणे एवढ्यावर धंदा चालत नाही. नागपूरलाही कोणत्याच मोठ्या विमान कंपनीचा मुख्य तळ नव्हता. मग काम यावे कसे?

पहिला अडसर कराचा होता. भारतात दुरुस्ती केली तर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडे, त्यामुळे विमान परदेशी पाठवणे कंपन्यांना परवडे. १ एप्रिल २०२० पासून हा कर ५ टक्के झाला. जुलै २०२४ मध्ये सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्क्यांचा दर आला. दुसरी गोष्ट विमानांच्या संख्येची. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमाने सांभाळायला मुंबई-दिल्लीतल्या जागा पुरणार नाहीत, हे सर्वांनाच दिसू लागले.

याच काळात मिहानमध्ये दुसरा कारखाना वाढला. इंडामेर ही १९४७ सालापासूनची मुंबईची जुनी संस्था. तिने अमेरिकेच्या एएआर कंपनीशी भागीदारी करून नागपुरात काम सुरू केले. आज तेथे ३० एकरांत १० हँगर असून एकाच वेळी १५ विमाने उभी करण्याची सोय आहे. मोठी तपासणी, सांगाड्याची दुरुस्ती, रंगकाम आणि भाड्याची मुदत संपलेले विमान मालकाला परत देण्यापूर्वीची तपासणी, अशी कामे येथे होतात. भारताच्या आणि अमेरिकेच्या विमान-खात्यांची मान्यता कारखान्याला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अदानी समूह आणि प्राइम एरो यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतील कंपनीने इंडामेर टेक्निक्स विकत घेण्याचा करार जाहीर केला.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. परका भागीदार आपल्याबरोबर पद्धत, नाव आणि परदेशी मान्यता मिळवण्याची वाट आणतो. त्याचे मोल मोठे आहे. परंतु भागीदार बदलतात, कंपनीच्या पाट्या बदलतात. १९४७ ची संस्था असो की सरकारी विमान कंपनी असो, मालकी हातोहात जाते. गावात कायम राहते ते कारागिराच्या हातातले कसब. म्हणून कारखान्याची वाढ हँगर मोजून ठरवू नये, तर त्या गावच्या किती मुलांना परवाना मिळाला यावर ठरवावी. मिहानसाठी शिवणगाव, खापरी अशा गावांनी शेतजमिनी दिल्या. त्या घरांतली मुले आत पाना धरतात की फाटकाशी पहारा करतात, हा प्रश्न विदर्भाने विचारलाच पाहिजे.

आणि आपणही. १९६७ साली स्थापन झालेली एअर मॉरिशस आज एअरबसची मोठी विमाने चालवते आणि रॉड्रिग्ससाठी छोटी एटीआर. आपला ताफा लहान. नागपूरएवढे हँगर येथे भरणार नाहीत, हे मान्य. परंतु विमान खरेदी करणारा ग्राहक म्हणून आपल्यालाही काही मागता येते. पुढची विमाने घेताना किमतीबरोबर आपल्या तरुणांचे प्रशिक्षणही करारात लिहून घ्यावे आणि त्याला मुदत घालावी. मुदत नसलेल्या वचनाला किती वर्षे लागतात, ते नागपूरने पाहिले आहे. आपल्या घरांतल्या गणित-विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींनीही कचेरीतल्या खुर्चीपलीकडे पाहावे. विमानाखाली उभे राहून सही करणाऱ्याचा मान कोणत्याही साहेबापेक्षा कमी नाही.