विश्लेषण : भयपटांचे चाहते लाखो, मग त्यांचा मेळावा का नाही?

‘तुंबाड’ हा चित्रपट १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि २०१८ मधील मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच वर्षी कोकणातील लोककथेवर बेतलेल्या ‘मुंज्या’ने देशात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. पैसे देऊन घाबरायला येणारा प्रेक्षक मोठ्या संख्येने आहे, हे या दोन चित्रपटांनी दाखवून दिले. अमेरिकेत अशा चाहत्यांसाठी दरवर्षी ठिकठिकाणी मेळावे भरतात आणि चाहते तेथे आवडत्या कलाकारांना समोरासमोर भेटतात. महाराष्ट्रात मात्र ही प्रथा रुजलेली नाही. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावातील चाहत्याला तर अशी भेट आणखीच दूरची. असे का, आणि यातून मार्ग काय, याचा हा आढावा.

भयपटांचा मेळावा म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्या ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या मासिकाने १९५८ पासून भयपटांच्या विखुरलेल्या चाहत्यांना एकत्र बांधले. १९७९ मध्ये ‘फँगोरिया’ हे मासिक आले. या मासिकांच्या वाचकांचे पुढे मेळावे भरू लागले. ‘चिलर थिएटर’, ‘मॉन्स्टर-मेनिया’, ‘टेक्सास फ्राइटमेअर वीकेंड’ ही अशा मेळाव्यांची काही नावे. शुक्रवार ते रविवार एखाद्या मोठ्या हॉटेलात किंवा प्रदर्शन केंद्रात हा मेळावा चालतो. एका दालनात जुन्या चित्रफिती, मुखवटे, पोस्टर आणि पुस्तकांची दुकाने असतात, दुसऱ्यात चर्चासत्रे होतात, तर तिसऱ्या दालनात कलाकार टेबल मांडून बसतात. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मधील फ्रेडी क्रूगर साकारणारे रॉबर्ट इंग्लंड किंवा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मालिकेत जेसन झालेले केन हॉडर हे अशा ठिकाणचे नेहमीचे पाहुणे.

कलाकाराच्या भेटीचे अर्थकारण कसे चालते?

प्रवेशाचे तिकीट फक्त आत जाण्यापुरते असते. स्वाक्षरी आणि छायाचित्र यांचे दर वेगळे. कलाकाराच्या नावानुसार एका स्वाक्षरीला साधारण ४० ते १०० डॉलर आणि मोठ्या नावांसाठी त्याहून अधिक मोजावे लागतात. आयोजक बहुतेकदा पाहुण्याला ठरावीक किमान रकमेची हमी देतो. स्वाक्षऱ्यांमधून त्यापेक्षा कमी रक्कम जमली तर फरक आयोजक भरतो आणि जास्त जमली तर ती कलाकाराची.

या व्यवस्थेची गरज भयपटांच्या धाटणीतूनच निर्माण झाली. हे चित्रपट बहुधा तुटपुंज्या खर्चात तयार होत. त्यातील कलाकारांना एकदाच मोबदला मिळे आणि पुढच्या विक्रीत वाटा नसे. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हे याचे टोकाचे उदाहरण. नाव बदलताना प्रतींवरील स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. जगभर तो दाखवला गेला, पण निर्मात्यांच्या हाती त्यातले फारसे काही लागले नाही. अशा चित्रपटांमध्ये मुखवट्याआड राहिलेल्या कलाकाराला उतारवयात नाव आणि चार पैसे मिळतात ते मेळाव्यात. म्हणजे येथे भेटीचा खर्च चाहता करतो आणि त्या बदल्यात टेबलापलीकडच्या कलाकाराशी मिनिटभर का होईना, थेट बोलतो.

भारतात असे काय आहे?

सर्वात जवळचा नमुना म्हणजे ‘कॉमिक कॉन इंडिया’. जतीन वर्मा यांनी २०११ मध्ये दिल्लीत त्याची सुरुवात केली. पुढे मुंबई, बेंगळूरु, हैदराबाद आणि पुण्यासारख्या शहरांत तो पोहोचला. २०२४ मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीने ५५ कोटी रुपयांत तो विकत घेतला. यावरून या बाजाराचा आकार कळतो. तेथील भर मात्र सुपरहिरो, जपानी अ‍ॅनिमे आणि गेमिंगवर आहे. भयपटाला त्यात एक कोपरा मिळतो. सपना भवनानी यांनी मुंबईत सुरू केलेला ‘वेंच’ हा महोत्सव भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपटांना वाहिलेला आहे, परंतु त्याचे स्वरूप चित्रपट महोत्सवाचे आहे. दोन्ही उपक्रम महानगरांपुरते राहतात आणि त्यांची भाषा मुख्यतः इंग्रजी असते.

मराठी भयकथेचा चाहता कुठे आहे?

तो सर्वत्र आहे, पण विखुरलेला. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी शंभरावर पुस्तके लिहिली. वाचनालयांमधून त्यांच्या कादंबऱ्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना लहान वयात मित्राने सांगितलेली गोष्टही मुळात धारपांचीच होती. धारपांची पुस्तके नव्या रूपात वाचकांपर्यंत नेण्यात छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचा वाटा आहे. म्हणजे पुण्यातल्या लेखकाची भुते आज मराठवाड्यातून छापून निघतात. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी गूढकथेला मानसशास्त्रीय खोली दिली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) तात्या विंचू घराघरांत नेला. त्याची बाहुली रामदास पाध्ये यांची आणि भूमिका दिलीप प्रभावळकर यांची.

ग्रामीण भागात भयपट पोहोचला तो तंबूतून. जत्रेत लागणाऱ्या फिरत्या टॉकीजचा हा प्रेक्षक. अशाच टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. रामसे बंधूंचा मुख्य ग्राहकही लहान गावांतला. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) हे चित्रपट समीक्षकांनी हिणवले, पण लहान केंद्रांनी ते उचलून धरले. ‘पुराना मंदिर’मधील सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल मुळात स्थापत्य अभियंता होते. असा कलाकार अमेरिकेत असता तर मेळाव्यांमध्ये त्याच्या टेबलासमोर रांग लागली असती. आपल्याकडे मात्र जुन्या भयपटांतील चेहरे पडद्यावरून गेले की विस्मरणातही जातात.

आकेरीत जे घडले त्याचा अर्थ काय?

आयोजक नसतानाही चाहते जमू शकतात, हे सिंधुदुर्गातील आकेरी गावाने दाखवले. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली आणि तिचे चित्रीकरण आकेरीतील एका वाड्यात झाले. कोकणात फिरायला आलेले प्रेक्षक वाट वाकडी करून तो वाडा पाहायला जाऊ लागले. २०१९ मधील दुसऱ्या पर्वानंतर माधव अभ्यंकर यांचे अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही पात्रे इतकी गाजली की कलाकारांना त्याच नावांनी हाका मारल्या जाऊ लागल्या. मेळाव्याला लागणारे सारे घटक येथे होते: ठिकाण, पात्रे, चाहते. नव्हती ती व्यवस्था. त्यामुळे गावाच्या अर्थकारणात या गर्दीची रीतसर नोंद झाली नाही आणि मालिका संपली तसा ओघ आटला.

गावात कलाकार येतात ते कोणाच्या पैशाने?

युसूफ वडगावच्या परिसरातच नव्हे, तर एकूणच ग्रामीण महाराष्ट्रात सिनेमा-मालिकांतले कलाकार येतात. दहीहंडी, गणेशोत्सव, नेत्याचा वाढदिवस किंवा दागिन्यांच्या दुकानाचे उद्घाटन हे त्याचे प्रसंग. या व्यवसायात त्याला ‘सुपारी’ म्हणतात. कलाकाराचे मानधन मंडळ, दुकानदार किंवा पुढारी देतो. प्रेक्षकाला तिकीट नसते, हे खरे. पण ज्याने पैसे मोजले त्याच्याच शेजारी कलाकार उभा राहतो. फलकावर नेत्याचा फोटो मोठा आणि पाहुण्याचा लहान असतो. ज्याने ती मालिका रोज पाहिली तो बांबूच्या कठड्यापलीकडे राहतो आणि मोबाइल उंच धरून समाधान मानतो.

दोन्ही पद्धतींतून एकच सूत्र निघते: पैसे कोण देतो, यावर भेट कोणाची हे ठरते. चाहत्याने पैसे दिले तर भेट चाहत्याची, पण ती ज्याला परवडते त्याचीच. पुढाऱ्याने दिले तर भेट पुढाऱ्याची. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्या भागातल्या तरुणाने मुंबई-पुण्याचा रात्रभराचा प्रवास, राहणे, तिकीट आणि वर स्वाक्षरीचा दर हा खर्च छंदासाठी करावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत रेल्वे आली, तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल का?

हा आक्षेप ‘रात्रीस खेळ चाले’वरही घेतला गेला होता. तो उडवून लावण्यासारखा नाही. करणी-भानामतीच्या संशयावरून मारहाण आणि बहिष्काराच्या घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा भूत बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणे हे त्यात गुन्हे आहेत.

कथा सांगणे, चित्रपट दाखवणे किंवा मुखवटा घालून हिंडणे हा त्यातला गुन्हा नाही. भयकथेचा वाचक ‘हे खोटे आहे’ हे मान्य करूनच घाबरतो. फसवणूक सुरू होते ती ‘हे खरे आहे’ म्हणून उपाय विकायला लागल्यावर. उलट मेळाव्यात भूत तयार कसे होते, हेच दाखवले जाते. रंगभूषाकार रबराची जखम चिकटवून दाखवतो, ध्वनिसंयोजक दाराची करकर कशी काढली ते सांगतो, बाहुलीचा जबडा कोणत्या दोरीने हलतो ते दिसते. भीतीचे यंत्र उघडून पाहिलेला मुलगा भोंदूबाबाच्या हातचलाखीला सहज फसत नाही. चमत्कार करून दाखवून मग त्यामागचे विज्ञान सांगण्याची अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांची पद्धतही याहून फार वेगळी नाही. मात्र ‘खऱ्या भुताचा शोध’ या नावाने होणारे रात्रीचे दौरे अशा कार्यक्रमाला जोडले गेले, तर ही रेषा पुसली जाईल.

गर्दीचे काय?

नामवंतांची भेट आणि नियोजनाचा अभाव यांचे परिणाम देशाने अलीकडेच पाहिले. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या खेळावेळी झालेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात लिओनेल मेस्सी लवकर निघून गेल्यावर महागडी तिकिटे काढून आलेल्या चाहत्यांनी स्टेडियममध्ये तोडफोड केली. मेस्सीभोवती मान्यवरांचा गराडा होता आणि तिकीटधारकांना तो धड दिसलाही नाही, हा तिथला संताप होता. मेळाव्याची टेबल-पद्धत या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. कलाकार एका जागी बसतो, वेळा आधी ठरतात, प्रत्येक रांगेला क्रमांक असतो. मात्र मान्यवरांना वेगळे दार उघडले की ही शिस्त लगेच मोडते.

मग मराठवाड्यात हे जमेल का?

त्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. लेखक आणि वाचकांना एका मांडवाखाली आणणारा साहित्य संमेलनाचा नमुना महाराष्ट्राकडे आहे. स्थानिक स्वागत समिती आणि शासनाचे अनुदान यांतून खर्च निघतो, मांडव सर्वांना खुला असतो, ग्रंथदालनात लेखक सहज सापडतो आणि स्वाक्षरीला पैसे पडत नाहीत. संमेलन मोठ्या शहरातच भरते असेही नाही. युसूफ वडगावपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईत १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली, तर उदगीरमध्ये २०२२ साली भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अर्थात तेथेही राजकीय पाहुण्यांचे वजन वाढल्याची तक्रार जुनी आहे.

विज्ञानकथा लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. धारप आणि मतकरी यांना मात्र हा मान मिळाला नाही. भयकथा आवडीने वाचायची, पण तिला मांडवात मानाची जागा द्यायची नाही, हा मराठी संकोच जुना आहे. मेळावा न भरण्यामागे पैशांइतकाच तोही कारणीभूत आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात दोन दिवस, जुने भयपट, धारप-मतकरींच्या पुस्तकांचे दालन, रंगभूषेची कार्यशाळा आणि मानधन देऊन बोलावलेले दोन-तीन ज्येष्ठ कलाकार एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. केज किंवा अंबाजोगाईत असे झाले, तर युसूफ वडगावचा चाहता एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतू शकेल.